पडवीचा सुंभ

एकदा एका व्यापाऱ्याने समुद्रासमोर घर बांधायला काढले. घरबांधणीत ज्याचा शब्द साऱ्या किनाऱ्यावर अखेरचा मानला जाई, अशा एका वृद्ध कारागिराकडे त्याने ते काम सोपवले. वृद्धाने जागा पाहिली, केवड्याच्या बनामागे उंच जोते आखून दिले आणि आपल्या शिष्याला म्हणाला, "हे घर तू बांध. मी आपला अधूनमधून चहा प्यायला येईन."

शिष्याचे हे पहिलेच घर. त्याने त्यात जीव ओतला. जांभ्या दगडाच्या भिंती उभ्या राहिल्या, कौलांचे उतरते छप्पर चढले, वारा आरपार जावा म्हणून खिडक्या समोरासमोर आल्या. व्यापाऱ्याची म्हातारी आई रोज दुपारी त्याच्यासाठी पेज आणि लोणच्याची फोड घेऊन येई. शिष्याची आई त्याच्या लहानपणीच गेलेली. त्यामुळे ती पेज त्याला नुसती पेज वाटत नसे. एकदा त्याने विचारले, "आजी, घरात तुम्हाला काय हवं ते सांगा."

"मला रे काय हवं? ऊन कललं की दर्याकडे बघत बसायला जरा सावली असली म्हणजे झालं."

म्हणून त्याने समुद्राच्या अंगाला पडवी काढली. बांबूचे खांब रोवले, वर विणलेल्या झावळ्या घातल्या. तिकडच्या रीतीप्रमाणे असे छप्पर घराच्या वाशांना सुंभाने, म्हणजे काथ्याच्या दोरीने बांधतात. पण आजीची पडवी दोरीच्या भरवशावर सोडायला शिष्याचे मन घेईना. त्याने बाजारातून जाड लोखंडी तार आणली आणि एकेक गाठ पकडीने अशी आवळली, की हत्ती लोंबकळला तरी सुटू नये.

पावसाळ्याच्या तोंडावर व्यापारी आईला घेऊन घरात राहायला आला आणि लगेच वादळाची वर्दी आली. त्या सकाळी वृद्ध आला, पण चहाला बसला नाही. त्याने शिष्याचीच पकड मागून घेतली, शिडीवर चढला आणि एकेक तार तोडून तिच्या जागी एकपदरी सुंभ बांधू लागला.

व्यापारी धावत आला. "नाना, वादळ दारात आलंय नि तुम्ही बांधलेलं सोडताय? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आहे, शेट. तुम्ही आईला घेऊन आतल्या खोलीत बसा."

शिष्याचा चेहरा उतरला. "नाना, माझ्या कामात काय खोट दिसली?"

"खोट नाही रे मेल्या. फार पक्कं बांधलंस, तीच अडचण आहे," एवढेच बोलून वृद्ध शिडी उतरला आणि वाडीतली बाकीची घरे पाहायला निघून गेला.

सुंभ जळतो, पण पीळ जळत नाही म्हणतात. गुरूची पाठ वळताच शिष्य पुन्हा शिडीवर चढला. जिथे आजीचा पाट मांडायचा होता, त्या कोपऱ्यातली गाठ त्याने पुन्हा तारेने आवळली. निदान तिच्या डोक्यावरची सावली तरी राहील, एवढाच त्याचा हेतू होता.

दुपार टळली आणि वादळ किनाऱ्याला लागले. वाऱ्याने पडवी खालून उचलली. सुंभाच्या गाठी एकामागून एक तुटल्या आणि झावळ्या माडांवरून उडत गेल्या. तारेचा कोपरा मात्र सुटेना. वाऱ्याने तो हिसडला, तशी त्याच्याबरोबर घराच्या वाशाची जोडणीही उचकटू लागली. आतल्या खोलीत कौले कोसळली. एक कौल आजीच्या खांद्याला चाटून जमिनीवर फुटले.

शिष्याला काय घडते आहे ते कळले. तो पकड घेऊन पावसात धावला, हलणाऱ्या भिंतीवर चढला आणि आपल्याच हातची गाठ त्याने दात-ओठ खात तोडली. उरलेली पडवी निघून गेली. वासा परत जागेवर बसला आणि घर राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वृद्ध आला. फुटलेल्या कौलांकडे न बघता त्याने वाशांना लोंबणारे सुंभाचे तुटके तुकडे सोडवून गोळा केले, जोत्यावर ठेवले आणि त्यांना हात जोडले. व्यापारी आणि दारात बसलेली आजी पाहतच राहिले. शिष्याने मान खाली घालून कोपऱ्यातल्या तारेची गोष्ट सांगून टाकली.

वृद्ध रागावला नाही. तो जोत्यावर बसला आणि म्हणाला, "समुद्रकाठी राहायचं तर वाऱ्याला त्याचा वाटा द्यावा लागतो. जाणत्या माणसांनी तो आधीच काढून ठेवला : झावळ्या, बांबू, काथ्या. वाऱ्यानं नेलं तरी माड पुन्हा देतो, आणि दर्यात पडलं तरी दर्याचं काही बिघडत नाही. तू तो वाटा घरालाच जखडलास, म्हणून वारा घर मागायला लागला. टिकलेल्या भिंतीचं कौतुक सगळेच करतील, बाबा. पण या दोऱ्या वेळेवर तुटल्या म्हणून ही माउली आज आपल्यासमोर बसली आहे. आधी त्यांचे उपकार मानावेत."

"नि या पोराचं काय करायचं?" आजीने खांदा चोळत विचारले.

"यानं तार बांधायची चूक केली, पण जीव धोक्यात घालून ती तोडलीही. त्याला पेज वाढा."

शिष्याने ती पेज खाल्ली तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. आपल्याला असा गुरू मिळाला आणि आजी वाचली, या दोन्ही गोष्टींसाठी कुणाचे आभार मानावेत हे त्याला सुचेना.

पाऊस सरल्यावर पडवी पुन्हा उभी राहिली. या वेळी सुंभ आजीने स्वतः वळला, आपल्याच माडांच्या नारळांच्या काथ्याचा. शेवटचा वेढा वळताना तिने विचारले, "आता तरी टिकेल ना रे?"

"नाही, आजी. मोठं वादळ आलं तर ही जाईल. तुम्ही राहाल."

आजी हसली. "मग पीळ जरा सैलच देते. जायचं त्याला उगाच कशाला अडवा?"

शिष्याने तिच्या हातून सुंभ घेतला, आधी कपाळाला लावला आणि मग तो शिडी चढला.