बंद दारांपुढची दवंडी

“पण बाबा, माझं चुकलं कुठं?”

सर्जेराव सरपंचानं तिसऱ्यांदा विचारलं. पिराच्या टेकडीवर नूरशा फकीर चुलीपुढं बसून भाकरी थापत होता. मिसरूड फुटायच्या आधीपासून सर्जेराव त्याला गुरू मानत आला होता.

खाली गायरानावर सोलरच्या निळ्या पाट्या पसरल्या होत्या. भोवती तारेचं कुंपण. कुंपणाला तोंड लावून दोनशे मेंढरं सकाळपासून उभी होती. दरसालच्या वाटेनं आली होती बिचारी. वाट होती, कुरण नव्हतं.

“धूर नाही, राख नाही, नुसत्या उन्हाची वीज! गावाला आता दिवसा पाणी उपसता येतं. ग्रामसभेत एक हात विरोधात नव्हता, बाबा.”

“धनगर कुठं होते?”

“घाटाखाली, मेंढरं घेऊन... पौषात कुठले असायला इथं? पण मी नियमानं दवंडी दिली. धनगरवाड्यावरसुद्धा.”

“ऐकली कुणी?”

सर्जेरावनं खाली धनगरवाड्याकडं पाहिलं.

दवंडीच्या दिवशी कोतवाल तिथून हसत परत आला होता. ‘कुलपांना सांगून आलो, सरपंच!’ तेव्हा सर्जेरावही पोट धरून हसला होता.

“म्हाळू धनगर काय म्हणाला?”

“भांडला असता तर बरं झालं असतं. ‘गावाचं भलं झालं न्हवं? मग झालं,’ म्हणाला. अन् कोकरं घोड्यावर बांधायला लागला.” सर्जेरावनं खालच्या मेंढरांकडं बोट केलं. “आता गेले की परत येणार नाहीत. माझ्या बापाच्या रानात खतासाठी त्याचीच मेंढरं बसायची, बाबा. त्याच्या कांबळ्यात निजलोय मी...”

फकिरानं भाकरी तव्यावर टाकली. वरून पाणी फिरवलं.

“सोलरच्या कंपनीशी भांडतो मी. कुंपण मागं घ्यायला लावतो. चराईला जागा सोडायला लावतो!” सर्जेराव ताडकन उठला. दोन पावलं गेला, आणि पुन्हा वळला.

“फक्त एवढं सांगा. जागा ओढ्याच्या अंगाला सोडू का टेकडीच्या? मेंढरांना कुठली बरी?”

खाली म्हाळूनं लांब हाळी घातली. कुंपणापाशी उभी मेंढरं एकेक करून वळू लागली.

“सांगा ना, बाबा... लवकर!”

फकिरानं पिठाचे हात गुडघ्यावर ठेवले आणि मान वर केली.

“सर्जा, तू अजून माझ्याच पुढं उभा आहेस.”