आधीचा फोटो, नंतरचा फोटो

मुरुमांचे खड्डे पडल्यापासून शर्वरी गालांवर ओढणी ओढूनच फिरायची. एकदा तरी उघड्या चेहऱ्याने स्नेहसंमेलनात गावं, एवढीच तिची आस होती.

त्वचेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ऐटीत एका मुलीचे दोन फोटो पुढे सरकवले. "हा आधीचा, हा नंतरचा! मलमं, सुया सगळं विसरा. आमच्या लेसरने एकूणएक खड्डा भरतो."

आई हो म्हणणार, तोच शर्वरी हळूच म्हणाली, "डॉक्टरकाका, आधीच्या फोटोत हिच्या नाकाला चमकीचं भोक आहे, नंतरच्यात नाही. लेसरने तेही भरलं का हो?"

डॉक्टरांनी घाईने फोटो उलटे ठेवले.

"माझे खड्डे किती भरतील, ते खरं सांगा ना. थोडे भरले तरी चालेल मला."

डॉक्टरांनी दिवा जवळ ओढला आणि पहिल्यांदाच तिचा गाल नीट पाहिला.