हौसाबाईचा माळा

नदीच्या उतारावर वसलेल्या एका गावात हौसाबाई नावाची बाई गोधड्या शिवायची. जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांतून ती अशी मऊ गोधडी करी, की गावातल्या बहुतेक बाळांना बारशाच्या दिवशी तिच्याच गोधडीत गुंडाळलं जाई. या मानाचा हौसाबाईला फार अभिमान होता.

एका उन्हाळ्यात तिच्या घरात पिसवा झाल्या. पायांवर लाल गांधी उठल्या. हौसाबाई लुगडं घोट्याखाली ओढून वावरू लागली. चावण्याचं दुःख तिला सोसवत होतं, पण लोकांना कळलं तर काय, ही धास्ती सोसवत नव्हती. पिसवांच्या घरातली गोधडी तान्ह्या बाळाला कोण घालील?

शेवटी तिनं तालुक्याहून कासमभाईला बोलावलं. घरोघर जाऊन ढेकूण-पिसवांचा बंदोबस्त करणं हा त्याचा धंदा होता. त्याची रीत ठरलेली. आधी घरातली प्रत्येक वस्तू अंगणात काढायची, जमिनीच्या भेगा झाडायच्या, केर जाळायचा, कपडे उकळायचे आणि मगच फवारणी करायची. एकही कोपरा सोडायचा नाही.

फवारणीआधी त्यानं विचारलं, “मावशी, तुमचं मांजर कुठं झोपतं? पिसवा तिथंच जास्त असतात.”

“चुलीपाशी,” हौसाबाई म्हणाली.

“मांजरालाच विचारून बघू का?” कासमभाई हसला.

हौसाबाई हसली नाही. मांजर माळ्यावर झोपत होतं, चिंध्यांच्या गाठोड्यांत, तयार गोधड्यांच्या शेजारी. ती गाठोडी अंगणात आली असती, तर बाळांच्या गोधड्यांपर्यंत पिसवा पोचल्यात हे साऱ्या आळीनं पाहिलं असतं. म्हणून माळ्यावर काही नाही, असं तिनं सांगून टाकलं.

कासमभाईनं घर फवारलं. काही पिसवा अजून कोशात असतात, त्या मागाहून बाहेर पडतील, तेव्हा पुन्हा एक फेरी मारीन, असं सांगून तो गेला.

पण पिसवा वाढतच गेल्या. विहिरीवर बायकांनी तिच्या पायांकडे पाहून विचारलं, तेव्हा हौसाबाईच्या तोंडून निघून गेलं, की कासमभाईचं औषध म्हणजे नुसतं पाणी, गोधड्यांत मात्र एकही पिसू नाही. हा हा म्हणता ते गावभर झालं.

कासमभाई ठरल्याप्रमाणे परत आला, तेव्हा पारावरून कुणीतरी हाक मारली, “काय कासमभाई, आज नदीचं पाणी आणलं का विहिरीचं?”

तो तसाच हौसाबाईच्या दारात आला. त्याचा चेहरा उतरला होता. “मावशी, चूक माझी असेल तर फुकट फवारतो,” तो म्हणाला. “पण या गावात आता मला कुणी दार उघडत नाही.”

तेवढ्यात लोहारांची गंगूबाई आली. तिच्या सुनेला मुलगा झाला होता आणि बारशासाठी सांगून ठेवलेली गोधडी न्यायला ती आली होती.

हौसाबाई शिडी चढली. तिनं गोधडी उचलली. घडीतून एक पिसू टुणकन तिच्या मनगटावर आली. खाली गंगूबाई हात पुढे करून उभी होती, आणि दाराशी कासमभाई मान खाली घालून. देऊन टाकावी आणि गप्प बसावं, असं क्षणभर हौसाबाईच्या मनात आलं. मग त्या गोधडीत झोपणारं बाळ तिच्या डोळ्यांपुढे आलं.

ती रिकाम्या हातांनी खाली उतरली.

“गंगूबाई, गोधडी आज देत नाही. तिच्यात पिसवा आहेत. मांजर माळ्यावर झोपतं. मी खोटं बोलले. कासमभाईचं औषध चांगलं आहे.”

मग तिनं स्वतः एकेक गाठोडं अंगणात आणून टाकलं. आळी गोळा झाली. कुणी नाक मुरडलं, कुणी टोमणे मारले. हौसाबाई चुलाण पेटवून गोधड्या उकळत राहिली. कासमभाईनं माळा फवारला. दुसऱ्या दिवशी ती विहिरीवर गेली आणि जिथं खोटं बोलली होती, तिथंच खरं सांगून आली.

बारशाला बाळ आजीच्या लुगड्यात गुंडाळलं गेलं. त्या वर्षी काही घरांनी गोधड्या दुसरीकडून शिवून घेतल्या. हौसाबाईनं ते मुकाट्यानं सोसलं.

गंगूबाईनं मात्र आपली गोधडी वाळेपर्यंत वाट पाहिली. बायकांनी तिला वेड्यात काढलं, तेव्हा ती म्हणाली, “जिनं आपल्या घरातल्या पिसवा सगळ्यांसमोर अंगणात आणल्या, तिच्या गोधडीत आता काय लपलेलं असणार?”

तात्पर्य: लाजेपोटी झाकलेला दोष वाढत जातो आणि त्याचा ठपका निरपराध माणसावर बसतो. तो उघड केल्यानं मान थोडा कमी होतो, पण विश्वास टिकतो.