कुंभाराची काठी आणि कडेचा चेंडू

एका गावात एक काठ्या विकणारा होता. म्हाताऱ्यांना टेकायला लागतात त्या नव्हेत, गुराख्यांच्याही नव्हेत. पूल नावाच्या खेळात टेबलावरचे चेंडू ढकलायच्या काठ्या, ज्यांना जाणकार लोक क्यू म्हणतात. त्या मुलखाच्या राजाला या खेळाचा भारी नाद होता. त्याने गावोगावी चावडीशेजारी हिरव्या कापडाचं एकेक टेबल बसवून दिलं होतं, त्यामुळे कामं उरकली की अख्खं गाव टेबलाभोवती गोळा व्हायचं.

विक्रेत्याचं दुकान टेबलाच्या अगदी समोर होतं आणि गिऱ्हाईक जमवायची त्याची एक युक्ती होती. टेबलाच्या कडेला चिकटून एक लाल चेंडू ठेवायचा. मग लांबून पांढरा चेंडू असा मारायचा, की तो स्वतःभोवती गिरक्या घेत यावा, कडेला हलकेच टेकावा आणि त्याने लाल चेंडूला सरळ कोपऱ्यातल्या जाळीत पाठवावं. कडेचा चेंडू भल्याभल्यांना घाम फोडतो. याचा मात्र सहज जायचा. बघणारे म्हणायचे, "वा! काय काठी आहे!"

खरं तर सगळी करामत हाताची होती. पण तसं त्याने कधी सांगितलं नाही. तो खोटं बोलत नसे, नुसता हसून काठी पुसत बसे. गप्प बसल्यानेही माल खपतो, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

दुकानाची एक रीत होती. जुनी काठी द्यायची आणि नवी थोडी स्वस्तात न्यायची. जुन्या काठ्या विक्रेत्याची बायको करवतीने कापायची आणि परसातल्या कारल्याच्या वेलांना आधाराला लावायची. तिची कारली गावात नावाजलेली होती.

एक दिवस गावचा कुंभार दुकानात आला. जुनी काठी छातीशी धरलेली, तोंड उतरलेलं.

"शेठ, कडेचा चेंडू काही केल्या जात नाही बघा," तो म्हणाला. "बाकी सगळे जातात. परवा तर व्याह्यांच्या देखत चुकलो. हसून हसून त्यांचं पागोटं सुटलं."

"मग नवी घ्या की," विक्रेता म्हणाला.

"घ्यायलाच आलोय. पण ही माझ्या वडिलांची. इथं मुठीपाशी लाकूड झिजलंय ना, ते त्यांच्या अंगठ्यानं. हिच्यावर करवत फिरणार म्हटल्यावर द्यायला मन होत नाही." कुंभाराने काठी पुढे केली. "असं करा शेठ. तुमचा तो नेहमीचा फटका हिच्यानं मारून दाखवा. चेंडू गेला तर काठी चांगली, मी हिला घेऊन घरी जातो. नाही गेला तर हिचे दिवस भरले समजेन आणि तुम्ही द्याल ती नवी घेईन."

झालं! चार लोक जमले. विक्रेत्याची बायकोही हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

विक्रेत्याने भिंतीकडे पाहिलं. दुकानातली सगळ्यात महागडी शिसवी काठी तिथे वर्षभर धूळ खात पडली होती. ती आज खपणार होती. करायचं काय होतं? फक्त चुकायचं होतं. नेम केसभर इकडे झाला की काम फत्ते. इतका अवघड फटका चुकला म्हणून कोण संशय घेणार?

त्याने काठीच्या टोकाला खडू लावला आणि वाकता वाकता सहज समोर बघितलं. कुंभाराने डोळे घट्ट मिटले होते. हात जोडून तो पुटपुटत होता, "जाऊ दे रे देवा, शेठचा चेंडू जाऊ दे."

विक्रेत्याला एकदम लाजल्यासारखं झालं. गिऱ्हाइकं आजवर घासाघीस करायला आली होती, उधारी मागायला आली होती. आपला नेम लागावा म्हणून देवाला साकडं घालणारं हे पहिलंच. डोळे मिटलेल्या माणसाला फसवायचं कसं?

त्याने श्वास रोखला आणि फटका मारला. पांढरा चेंडू गिरक्या घेत गेला, कडेला टेकला आणि लाल चेंडू जाळीत पडला.

कुंभाराने डोळे उघडले, काठी कवटाळली आणि हसत हसत रडला. मग त्याच्या ध्यानात आलं. "म्हणजे खोट माझ्यातच आहे तर!"

"मारा बघू," विक्रेता म्हणाला.

कुंभाराने फटका मारला. शेवटच्या क्षणी त्याचं मनगट गर्रकन वळलं आणि चेंडू भलतीकडेच गेला. विक्रेता खो खो हसला. "अहो, हे काय तुमचं चाक आहे का? फिरकी द्यायला मनगट फिरवायचं नसतं. काठीचं टोक पांढऱ्या चेंडूच्या मधोमध न ठेवता बाजूला ठेवा, कडेपासून लांबच्या बाजूला. मग हात अगदी सरळ जाऊ द्या. चेंडू आपला आपण फिरतो."

कुंभार पुन्हा चुकला, पुन्हा चुकला, आणि मग एकदाचा लाल चेंडू जाळीत गेला. त्याची आरोळी वेशीपर्यंत ऐकू गेली.

"शिसवी काठीचं गिऱ्हाईक गेलं वाटतं हातचं?" रात्री जेवताना बायकोने विचारलं.

"गेलं," विक्रेता म्हणाला.

"बरं झालं. मुद्दाम चुकला असतात, तर महिनाभर ताटात नुसती कारलीच वाढली असती मी." आणि तिने त्याला जास्तीचं तूप वाढलं.

त्या दिवसापासून लोक आपापल्या काठ्या दाखवायला येऊ लागले. विक्रेता खरं काय ते सांगायचा. काठ्या पूर्वीपेक्षा कमी खपायच्या, पण दुकानात गप्पा रंगायच्या आणि त्याला झोप छान लागायची.

पुढच्या वर्षी कुंभार पुन्हा आला. काठी गरम भट्टीशेजारी विसरून राहिली होती. विक्रेत्याने ती टेबलावर आडवी ठेवून घरंगळवली. ती सरळ न जाता टणटण उड्या मारत गेली.

"दादा, हिला बाक आलाय," विक्रेता हळूच म्हणाला. "आता हिच्याने खेळणं नाही."

जमलेल्यांना वाटलं, आता कुंभार वाद घालणार, पुन्हा फटका मारून दाखवा म्हणणार. कुंभाराने झिजलेल्या मुठीवरून एकदा अंगठा फिरवला आणि काठी विक्रेत्याच्या हातात दिली.

"तुम्ही म्हणताय म्हणजे झालं. तुमच्या मनानं एक नवी काढा. आणि ही लावा कारल्याला. वडिलांना कारली फार आवडायची."

विक्रेत्याने शिसवी काठीला हात लावला नाही. कुंभाराच्या हाताला शोभेल अशी साधी, सरळ काठी काढून दिली. बायकोने वडिलांची काठी करवतीखाली घातली नाही. ती अख्खीच्या अख्खी कारल्याच्या मांडवाच्या मधोमध रोवली आणि त्या वेलाची पहिली कारली कुंभाराच्या घरी पोचती केली.

तात्पर्य: ज्याने एकदा स्वतःचं नुकसान सोसून आपल्याला खरं सांगितलं, त्याने पुढे कडू सांगितलं तरी ते मुकाट्याने गळी उतरतं.