वेशीचा अडसर

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, लहानांनी ऐकावी आणि थोरांनीही. एका डोंगरावर दोन गावे होती. एक वर, झऱ्यापाशी. दुसरे पायथ्याला, नदीच्या काठी.

वरच्या गावातले लोक प्रभू येशूला मानणारे होते आणि त्याचा त्यांना मोठा अभिमान होता. त्यांच्या प्रार्थनामंदिराची घंटा पायथ्यापर्यंत ऐकू जाई. लहान मुलांनासुद्धा प्रभूची वचने तोंडपाठ होती. पाहुणे आले की गावकरी म्हणत, "आमच्यासारखी श्रद्धा तुम्हाला या मुलखात दुसरीकडे दिसायची नाही."

खालच्या गावाशी मात्र त्यांचे जुने वैर होते, झऱ्याच्या पाण्यावरून. एका उन्हाळ्यात भांडण हातघाईवर आले, दगड सुटले, आणि वरच्या गावातला एक तरुण शेतकरी जागीच गेला. तो दगड खालच्या गावच्या राणोजीने मारला होता. मेलेल्या तरुणाच्या बायकोचे नाव सुवार्ता. त्या दिवसापासून वरच्या गावाने खालच्या वाटेवरची वेस बंद केली आणि तिला जाडजूड अडसर घातला.

पुढे एका पावसाळ्यात नदी फुगली. पायथ्याची घरे वाहून गेली, धान्य वाहून गेले, गुरे वाहून गेली. उरलेली माणसे पोराबाळांना घेऊन चिखलातून डोंगर चढू लागली आणि सकाळी वेशीशी येऊन उभी राहिली.

गाव मंदिरात जमले. गावचे पुढारी सीमोनतात्या वयाने मोठे आणि मनाने मऊ होते. ते म्हणाले, "आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करू. पण वेस उघडायची की नाही, हे सुवार्ताच्या मनावर. तिचं जे गेलं ते आपल्यापैकी कुणाचं गेलेलं नाही. तिने नाही म्हटलं तर तिला कोणी बोल लावणार नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. खरे सांगायचे तर ती नाही म्हणेल याची पुष्कळांना खात्री होती, आणि त्यांना त्याचे बरे वाटत होते. मग सगळे गुडघे टेकून प्रार्थनेला बसले.

सुवार्ता बसली नाही. ती म्हणाली, "तात्या, प्रार्थना कशासाठी करायची?"

"प्रभूने त्यांना अन्न द्यावं, आसरा द्यावा म्हणून."

"आसरा आपल्या घरात आहे आणि अन्न आपल्या कणगीत. वैऱ्याला जेवू घाला असं प्रभूने आपल्याला सांगितलंय. आता तेच काम आपण परत त्याच्यावर ढकलायचं?"

ती मंदिरातून बाहेर पडली, वेशीशी गेली आणि एकटीनेच अडसर ओढू लागली. लाकूड पावसाने फुगले होते. तिचे तळहात सोलवटले, पण अडसर निघाला.

दार उघडले, तर समोर राणोजी. त्याने आपल्या म्हाताऱ्या आईला पाठीवर घेतले होते. सुवार्ताला पाहताच त्याने मान खाली घातली.

"बाई, मी बाहेरच थांबतो," तो म्हणाला. "म्हातारीला तेवढं आत घ्या. तिनं तुमचं काही वाईट केलेलं नाही."

जिभेवर आलेली शिवी सुवार्ताने गिळली. पाऊस कोसळत होता आणि म्हातारी थंडीने कुडकुडत होती.

"दोघंही या," ती अखेर म्हणाली. "माझ्याच घरी या."

तिने चूल पेटवली, म्हातारीला कोरडे लुगडे दिले, भाकऱ्या थापल्या. राणोजीपुढे ताट ठेवताना तिची नजर त्याच्या उजव्या हातावर गेली. याच हाताने दगड मारला होता. ती झटकन आत गेली, तोंडात पदर कोंबून रडली. मग डोळे पुसून दुसरी भाकरी घेऊन बाहेर आली आणि तीही त्याच्या ताटात वाढली.

राणोजीने हातातला घास खाली ठेवला. "मला शिव्या द्या, बाई," तो म्हणाला. "मारा मला. हे जेवण मला सोसत नाही."

"आधी जेव," ती म्हणाली.

तेवढ्यात सीमोनतात्या दारात आले. त्यांनी हे सारे पाहिले आणि हलक्या आवाजात विचारले, "पोरी, याला मनापासून माफ केलंस?"

"अजून नाही जमलं, तात्या. राग तसाच आहे. पण राग निवला की मगच वाढ, असं कुठे म्हणालाय प्रभू? मन माझं ऐकत नाही. हात ऐकतात. आज हातांना प्रभूचं ऐकू दे, मनाचं तो बघेल."

तात्या उंबऱ्यावरच थबकले. जन्मभर त्यांनी हीच वचने लोकांना शिकवली होती. ते तसेच मंदिरात परतले आणि म्हणाले, "उठा. आता प्रार्थना पुरे. घरी जा आणि दारं उघडा."

त्या दिवशी वरच्या गावात एकही चूल थंड राहिली नाही. पूर ओसरेपर्यंत दोन्ही गावे एका छपराखाली जेवली. पाणी उतरल्यावर वरचे लोक खाली गेले आणि त्यांनी वैऱ्यांची घरे उभी करून दिली. झऱ्याच्या पाण्याचेही वाटे झाले, आणि ते पुन्हा कधी मोडले नाहीत. राणोजी दर पेरणीला न बोलावता येई, सुवार्ताचे शेत नांगरून देई आणि मुकाट्याने परत जाई. अशी पुष्कळ वर्षे गेली. एका सकाळी त्याला बांधावरून येताना पाहून तिने हाक मारली, "राणोजीदादा, न्याहारी करून जा." हाक मारल्यावर तिच्या ध्यानात आले, की आत जळणारे ते काही आता जळत नव्हते.

पुढे खालच्या गावातलेही अनेक जण प्रभूचे झाले. कोणी विचारले, "तुम्ही कोणाचं प्रवचन ऐकून विश्वास धरलात?" तर ते ताठ मानेने सांगत, "प्रवचन नाही ऐकलं. आम्ही सुवार्ताबाईच्या हातची भाकरी खाल्ली." आणि वरच्या गावातल्या आयाही आपल्या मुलींना अभिमानाने सांगत, "आपण तिच्या गावच्या."

प्रभूवर आपला विश्वास खरा आहे की नाही, हे त्याची आज्ञा जड वाटत असतानाही ती पाळण्यावरून कळते.