भरती-ओहोटीच्या तक्त्याची तीन पाने

फार पूर्वी एका बंदरात भरती-ओहोटीचा तक्ता तीन पानांवर छापत. रकान्यांची नावे फक्त पहिल्या पानावर होती आणि प्रत्येक पानाचे रकाने वेगळ्या रुंदीचे. त्यामुळे धाकू तांडेलाने ओहोटीची वेळ भरतीची समजून वाचली आणि त्याची होडी गाळात रुतली.

छापखान्यात तिसरे पान म्हणाले, "माझ्याकडे सर्वात लांब नावाची खाडी आहे. सगळे माझ्याएवढे रुंद रकाने करू या."

"माझ्या खाड्यांची नावे छोटी आहेत. मी जागा रिकामी का सोडू?" पहिले पान फणकारले.

"होडीतल्या माणसांसाठी सोड," रकाने आखणारी पितळी पट्टी म्हणाली.

पहिल्या पानाने आपले रकाने रुंद केले. मग दुसऱ्यानेही केले.

नवा तक्ता छापून आला. धाकूचे बोट तिन्ही पानांवरून सरळ खाली उतरले. त्या भरतीला बंदरातली प्रत्येक होडी शीड फुगवून, डौलात किनाऱ्याला लागली.