तानूबाईची ट्राम

हिरवणे संस्थानात घोड्यांच्या ट्रामचा मार्ग वाढवायचा होता. विलायतेहून रूळ आले होते, पण एक कोसभर पुरतील एवढेच! आणि मागणारे तिघे. तिघे तीन दिशांना राहणारे, तिघेही वजनदार!

"ट्राम उत्तरेला, माझ्या वाड्यासमोर!" मिशीला पीळ देत सरदार रणनवरे म्हणाले.

"दक्षिणेला, माझ्या पेढीसमोर!" अत्तराचे व्यापारी नगरशेट कस्तुरशेट म्हणाले. ते बोलले की दरबारात गुलाबाचा वास सुटे.

"ग्रहमान पूर्वेला अनुकूल आहे," राजज्योतिषी अनंतशास्त्री म्हणाले. शास्त्रीबुवांचं घर पूर्वेलाच होतं, ही ग्रहांचीच कृपा म्हणायची!

महिना झाला तरी वाद मिटेना. आबासाहेब महाराज वैतागून गेले. तेवढ्यात दाराशी कोणीतरी खुदकन हसलं. दरबाराचे पाण्याचे माठ बदलायला आलेली तानूबाई कुंभारीण होती ती.

"हसायला काय झालं गं?" महाराज गरजले.

"चुकी झाली, सरकार! पर ट्रामसाठी भांडत्यात आन् तिघांच्या बी बग्ग्या भायेर हुब्या हायत!"

महाराजांना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीत लपवलं. "मग तू सांग, ट्राम कुठं न्यावी?"

"पश्चिमेला, आमच्या कुंभारवाड्यात. डोईवर माठांची उतरंड घिऊन कोसभर चालतो आमी. वाटंत ठेच लागली की आठ दिसांची मेहनत मातीत!"

तिघेही मानकरी खो खो हसले. महाराज मात्र हट्टी. एकदा मनात आलं की आलं.

"ठीक आहे! उद्या याच दरबारात या तिघांनी आपल्या तोंडानं म्हणायला हवं, 'आम्हाला ट्राम नको!' पण तू त्यांच्या मागणीला 'नाही' म्हणायचं नाही, खोटं बोलायचं नाही आणि हातापाया पडायचं नाही. जमलं तर रूळ कुंभारवाड्यात. नाही जमलं, तर तुमच्या भट्ट्या नदीपलीकडे हलवायच्या! त्यांचा धूर सारखा राजवाड्यात येतो."

नदीपलीकडे सगळा मुरूम. तिथं ना चिकणमाती, ना गिऱ्हाईक! तानूबाईनं रिकामे माठ उचलले आणि घर गाठलं. कुंभारवाड्यात त्या दिवशी कोणाला घास गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली ती डोक्यावर टोपली घेऊन, वर ओलं फडकं टाकलेलं. टोपली तिनं रणनवऱ्यांच्या पायाशी ठेवली.

"सरदारसायेब, ट्राम तुमच्याच दारात जाऊ द्या. माझी ना न्हाई. फकस्त एक सांगा, ती तुमच्या दारातनं म्होरं जाऊ द्यायची का तिथंच थांबवायची?"

"तिथंच! पुढं एक पाऊल नाही! शेवटचा थांबा माझा!"

"थांबंल की! मंग ह्ये बी तुमचंच!" तिनं फडकं उचललं. टोपलीत घोड्यांची ताजी लीद होती. कस्तुरशेटांनी घाईघाईनं अत्तराचा फाया नाकाला लावला.

"हा काय चावटपणा आहे?"

"चावटपणा कसला, सरदारसायेब? रूळ संपला की दमलेली घोडी सोडायची आन् ताजी जुंपायची. म्हंजी बारा घोड्यांचा तबेला तुमच्या दारात. ही एका घोड्याची सकाळची लीद, बारांचा हिशेब तुमीच करा. माश्या येगळ्या!"

"तबेला दुसरीकडे बांधा!"

"मंग परतीची ट्राम कोन वढनार? तुमी?"

महाराजांनी तोंडाला रुमाल लावला.

रणनवऱ्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "महाराज, माझ्यापेक्षा शेटजींची गरज मोठी आहे. मला ट्राम नको!"

"मला?" शेट ताडकन उठले. "अहो, माझं गिऱ्हाईक अत्तर हुंगणार की लीद? मलाही नको! शास्त्रीबुवांनाच द्या, ग्रह अनुकूल आहेत ना!"

सगळे शास्त्रीबुवांकडे बघू लागले. बुवांनी टोपलीकडे पाहिलं, मग बोटांवर काहीतरी मोजलं.

"शनी काल रात्रीच वक्री झाला, महाराज. आता पूर्वेला नको!"

"शनीला बी वास आला वाटतं!" तानूबाई म्हणाली, आणि दरबार खदखदला.

महाराजांनी मात्र भुवई उंचावली. "तिघांना नको झालेला तबेला तुम्हाला कसा चालेल?"

"चालंल? अवो, आमी त्येच्या मागंच लागलोय! मातीत लीद मिसळल्याबिगर माठ भाजताना टिकत न्हाई, फुटतो. आजवर सरकारच्या तबेल्यातनं कोसभर टोपल्या व्हायल्या. आता घोडी सोताच घिऊन येतील!"

महाराज त्याच वेळी पाणी पीत होते. हातातला पेला तसाच राहिला. त्यांनी कोपऱ्यातल्या माठाकडे पाहिलं.

"म्हणजे... या माठातसुद्धा?"

"भट्टीत समदी जळून जाती, सरकार. तिच्या जागी बारीक भोकं ऱ्हात्यात, म्हनून तर पानी गार लागतंय! ज्या धुरानं सरकार कावत्यात, त्योच धूर सरकारांचं पानी गार करतोय."

महाराज इतके हसले, इतके हसले की पेल्यातलं पाणी अंगरख्यावर सांडलं! "भट्ट्या तिथंच राहतील. रूळही तिकडेच! आणखी काय हवं ते माग, बाई!"

"ट्राममंदी माझ्या माठास्नी बसायला जागा द्या, सरकार. मानसं एकमेकास्नी धक्के मारत्यात. मी हुबी ऱ्हाईन, पर माठ हुबा ऱ्हाईल तर फुटंल."

महाराजांनी तिथल्या तिथं हुकूम लिहवून घेतला आणि मुद्दाम रणनवऱ्यांनाच मोठ्यानं वाचायला लावला. मिशीचा पीळ उतरलेले सरदार अडखळत वाचू लागले:

"कुंभारवाड्याच्या ट्राममध्ये माठ बसतील. जागा उरली नाही, तर सरदारांनी उभं राहावं!"